ओग्रिसचा बार

फेर्लाखच्या शिकाऱ्यांत कुणाचा नेम चुकला, की शेजारचा हमखास म्हणायचा, "झाला ओग्रिसचा बार." म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ओग्रिस कधी पाहिलाही नव्हता. माणूस जातो, त्याच्या नावाची म्हण मागे राहते, आणि म्हणीला कुणी विचारत नाही की बाई, तू खरी की खोटी?

ही म्हण कानावर आली की प्रिमुस वोशांकचे हात थांबत नसत. मान तेवढी खाली जायची, चष्मा पुसायचं काहीतरी निमित्त निघायचं.

फेर्लाख हे बंदुका घडवणाऱ्यांचं डोंगरी गाव; तिथे बंदूक एकट्याची नसते. लाकडी दस्ता एकजण करतो, चाप दुसरा, नक्षी तिसरा. नळी मात्र चार पिढ्या वोशांकांची. प्रिमुस त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता तरी सकाळी सातला त्याच्या कर्मशाळेतून पोलाद खरवडल्याचा आवाज येई, आणि त्या आवाजावर शेजारणी चूल पेटवत. उंच, वाकलेला, हाताच्या बोटांना तेलाचा कायमचा वास. नवी रायफल करून घ्यायला कुणी आलं, की तो तीन प्रश्न विचारायचा. कशाची शिकार करणार? गोळी किती लांबीची वापरणार? आणि शिकार कुठल्या महिन्यात, कुठल्या उंचीवर?

पहिले दोन प्रश्न सगळ्यांना पटत. नळीच्या आत ज्या खाचा असतात त्या सरळ नसतात, दोरीसारख्या पिळलेल्या असतात. त्या पिळाने गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरते म्हणूनच सरळ जाते. आखूड गोळीला सैल पीळ पुरतो, लांब गोळीला घट्ट लागतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण महिना?

"महिना कशाला रे, प्रिमुस?" खाणावळीचा मालक ब्लाझी एकदा भर बैठकीत म्हणाला होता. "बंदुकीचं बारसं करायचंय की लग्नाचा मुहूर्त काढायचाय?"

सगळे हसले. प्रिमुसही हसला. उत्तर मात्र त्याने दिलं नाही. बावीस वर्षं दिलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुर्गी ओग्रिस त्याच्या दारात उभी राहिली. रस्त्यांवरचा बर्फ काढणारी मोठी गाडी चालवायची ती. अडतीस वर्षांची, गाल थंडीने तांबडे, बूट आपटून बर्फ झाडण्याची लकब अगदी बापाची. काखेत कापडात गुंडाळलेली लांब वस्तू होती. प्रिमुसने कापड सुटण्याआधीच ओळखली. आपल्या हातची नळी माणूस अंधारातही ओळखतो.

"काका, मी शिकाऱ्याची परीक्षा पास झाले," बुर्गी म्हणाली.

"ऐकलं. तुझ्या आईने आमच्या उर्सीला सांगितलं, उर्सीने गावाला सांगितलं."

"मग हेही ऐकलं असेल, की निकालाच्या दिवशी ब्लाझी काय म्हणाला. म्हणाला, पोरी, बाकी सगळं बापाकडून घे, बार तेवढा घेऊ नकोस."

प्रिमुसने चष्मा काढला.

"बाबांची रायफल आणलीय. आता आमच्या रानात शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, तांब्याच्या घ्याव्या लागतात. त्या लांब असतात म्हणे. या नळीला चालतील का, तेवढं सांगा. आणि..." ती थांबली. स्टुलावर बसली, हातमोजे काढले आणि दोन्ही हात पुढे धरले. "हे बघा. थरथरतात का?"

हात स्थिर होते. एवढ्या बर्फात दहा टनांची गाडी दरीच्या काठाने नेणारे हात ते.

"नाही."

"आज नाही. बाबा म्हणायचे, ओग्रिसांच्या हाताला पन्नाशीत वारं शिरतं. त्यांच्या वडिलांचंही तसंच झालं असणार म्हणायचे. शेवटी शेवटी पेला अर्धाच भरायला सांगायचे, सांडू नये म्हणून. काका, मी कधी सांडलेलं पाहिलं नाही. पण ते अर्धाच घ्यायचे." तिने हात मांडीवर ठेवले. "फेब्रुवारीत शिकाऱ्यांच्या गमतीच्या कचेरीत नव्या माणसाला उभं करतात. तिथे मी नाव नोंदवायचं की परवाना परत करायचा, ते ठरवायचंय. जखमी करून सोडलेलं जनावर मला नकोय, काका. बाबांनी चार वर्षं ते एकच जनावर पाहिलं. जेवताना पाहिलं, चर्चमध्ये पाहिलं. ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

प्रिमुस उभा होता. संवाद विसरलेला नट जसा उजेडात उभा राहतो, आत कुणीतरी ओळ सांगेल म्हणून, तसा. आतून कुणी काही सांगितलं नाही.

"पीळ मोजू," तो एवढंच म्हणाला.

मोजायचं काय होतं? आकडा त्याला पाठ होता. तरी त्याने सळई घेतली, टोकाला घट्ट चिंधी गुंडाळली, नळीत घातली. सळईवर खूण केली आणि हळूहळू ढकलू लागला. खाचांत अडकून सळई आपोआप वळत गेली. खूण पुन्हा वर आली तिथे बुर्गीने स्वतः पट्टी लावली.

"तीनशे पाच मिलिमीटरला एक फेरा," ती म्हणाली. "पुस्तकात तर या मापाच्या नळीला दोनशेवीस दिलंय. इतका सैल का ठेवला होता, काका?"

"रानबकऱ्यासाठी केली होती. हलकी, आखूड गोळी. त्याला सैल पीळ बरा. नळी झिजत नाही. माझ्या बापाचं असंच मत होतं." मग घाईने म्हणाला, "तांब्याच्या गोळीला ही चालणार नाही. मी नवी नळी करतो. दोनशेचा पीळ. ठेवून जा."

ती गेली. जाताना म्हणाली, "म्हणजे नळी नवी. हाताचं काय ते मात्र तुम्हीही सांगू शकत नाही."

दार लागलं, आणि प्रिमुसला तो आवाज आला.

सरळ जाणारी गोळी शीळ घालत जाते. आडवी झालेली गोळी शीळ घालत नाही, भुंग्यासारखी घोंघावते. प्रिमुसने तो घोंघाट आयुष्यात दोनदाच ऐकला होता, एका दुपारी, लागोपाठ. पण त्यानंतर तो त्याच्या कानात राहायलाच आला. यंत्राच्या पट्ट्यात यायचा, ऑर्गनच्या खालच्या सुरात यायचा, उर्सी मळत असलेल्या पिठाच्या भांड्याभोवती उन्हाळ्यात माशी फिरली तरी यायचा.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्सिप्रियान ओग्रिस हा प्रिमुसचा बालमित्र, खोऱ्यातला सगळ्यात नेमबाज माणूस. रानबकऱ्याची ही रायफल त्याच्या हातात इतकी बसली, की त्याला वाटलं, मोठ्या हरणासाठी दुसरी कशाला? त्याने जड, लांब गोळ्यांची काडतुसं आणली आणि विचारलं, "या चालतील का रे, लेका?"

प्रिमुसला शंका होती. म्हणून दोघे ऑगस्टमध्ये वरच्या कुरणावर गेले, तिथे झोपडीमागे कागद लावला. पाच गोळ्या. पाच गोल, स्वच्छ भोकं, हाताच्या पंज्यात मावतील अशी. सोबत आणलेलं डुकराचं खारवलेलं मांस खाल्लं, फळांची दारू घेतली, गवतात आडवे झाले. "चालतात," प्रिमुस म्हणाला. सप्टेंबरात त्सिप्रियानने तिथेच वर एक हरीण एका गोळीत पाडलं. रिवाजाप्रमाणे मेलेल्या जनावराच्या तोंडात देवदाराची डहाळी दिली, शेवटचा घास म्हणून, आणि दुसरी डहाळी आपल्या टोपीत खोवली.

मग डिसेंबरची अखेर. खाली नदीकाठच्या रानात, उणे अठराच्या थंडीत, वर्षाचा शेवटचा नर. अंतर शंभर पावलं. त्सिप्रियानने बार काढला, आणि हरीण पोटात गोळी घेऊन पळालं.

अकरा दिवस तो कुत्रा घेऊन शोधत होता. दोन दिवस रक्त दिसलं, पुढे बर्फ पडला. हरीण मिळालं नाही. शेवटचा घास राहिला.

बाराव्या दिवशी तो कर्मशाळेत आला. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. रायफल टेबलावर ठेवून म्हणाला, "प्रिमुस, खरं सांग. नळी की हात?"

प्रिमुसने नळी खिडकीकडे धरून आतून पाहिली. उजेडाची वर्तुळं एकामागे एक, आरशासारखी. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं. "नळीत काही नाही."

"म्हणजे हात."

इथे एक क्षण होता. प्रिमुसने तो पुढे हजारदा परत आणला. आणि दर वेळी त्याने तेच वाक्य म्हटलं, जे त्या दिवशी म्हटलं होतं.

"आपण सगळेच म्हातारे होतोय, त्सिपी."

तोवर प्रिमुसला खरोखरच माहीत नव्हतं. कळलं ते एकवीस जानेवारीला. रायफल तेल-पाण्यासाठी त्याच्याकडेच होती, त्सिपीची दोन काडतुसं तिच्यासोबत आली होती, थंडी तशीच होती. घरामागच्या घळीत त्याने कागद लावला आणि सहज दोन बार काढले. घोंघाट ऐकला. कागदाकडे चालत गेला. भोकं गोल नव्हती. खजुराच्या बीसारखी लांबट होती. गोळी कागदावर आडवी पडून गेली होती.

वर डोंगरावर, उन्हाळ्यात, हवा पातळ. तेवढ्या पिळात गोळी कशीबशी तोल सांभाळून गेली. खाली, कडाक्याच्या थंडीत, हवा जड. तिथे तोच पीळ कमी पडला. डोंगरात राहणाऱ्या माणसांनी डोंगरावर तपासलं, आणि खोऱ्यात चालेल म्हणून गृहीत धरलं. इतकीच चूक. त्या चुकीबद्दल प्रिमुसने स्वतःला केव्हाच माफ केलं असतं.

पण त्सिप्रियान तीनशे पावलांवर राहत होता, आणि त्यानंतर चार वर्षं जगला. पहिल्या आठवड्यात प्रिमुसला सांगायची लाज वाटली. नळीवर वोशांकांची मोहोर होती. दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या आठवड्यात सांगितलं नाही याची लाज वाटली. मग दर रविवारी चर्चबाहेर त्सिपी भेटायचा, हात गुडघ्यांत दाबून बाकावर बसायचा, आणि प्रिमुस हवेवर बोलायचा, गवतावर बोलायचा. त्सिपीने शिकारीतली जागा सोडली. मग जग सोडलं. रिवाजाप्रमाणे शिकाऱ्यांनी कबरीत डहाळ्या टाकल्या. प्रिमुसची डहाळी बोटांना डिंकाने चिकटली, पडेना, शेवटी मागच्या माणसाने ढोसलं तेव्हा त्याने ती झटकली.

घळीतल्या त्या दुपारपासून तो गिऱ्हाइकांना महिना विचारत आला होता.

नवी नळी करायला पाच आठवडे लागले. पोलादी नळीतून पातं लावलेला आकडा ओढायचा, एका वेळी केसाच्या जाडीइतकं खरवडायचं, पुन्हा ओढायचं. दोनशेला एक फेरा. प्रत्येक ओढीबरोबर घोंघाट. एकदा तर त्याने यंत्र बंद केलं, तरी आवाज चालूच.

जानेवारीत एका दुपारी उर्सीने चीज भरलेल्या कानवल्यांची थाळी पुढे ठेवली आणि समोर बसली. बावन्न वर्षांच्या संसारात ती जेवताना समोर बसली, म्हणजे काहीतरी असायचं.

"थंड होतायत," ती म्हणाली.

"खातो."

"नळी झाली?"

"झाली."

"मग तो कागद कधी दाखवणार तिला?"

प्रिमुसचा काटा थाळीवर वाजला. "कुठला कागद?"

"आता माझ्याशी नाटक करू नकोस. कानशींच्या खणातला, तळाशी, मेणकापडात. दर ईस्टरला तो खण मीच पुसते. भोकं काय असतात ते मलाही कळतं, बंदूकवाल्याच्या घरात आले मी, पाववाल्याच्या नाही."

"किती वर्षं?"

"एकवीस."

"आणि तू बोलली नाहीस?"

"मी म्हटलं, तू बोलशील." तिने कानवल्यांवरचं तूप चमच्याने सारखं केलं. "त्सिपी होता तेव्हा म्हटलं, आज बोलेल. तो गेला तेव्हा म्हटलं, कबरीवर तरी बोलेल. आता ती पोरगी आपल्या हातांकडे बघत बसते, तिची आई सांगत होती. बापासारखीच. प्रिमुस, माझ्याही डोक्यावर आहे ते. तुझ्या एकट्याच्या नाही. खा."

त्याने खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेरचा पारा उणे सतरावर होता. त्याने बुर्गीला निरोप धाडला: बाबांची जुनी काडतुसं घरात असतील तर घेऊन ये.

घळीत दोघेच. जुनी नळी, त्सिप्रियानच्याच खोक्यातली काडतुसं. शंभर पावलांवर पांढरा कागद. बुर्गीने पिशवीवर रायफल टेकवली.

"जुनी का? नवी झालीय ना?"

"आधी ही."

तिने पाच बार काढले. प्रिमुस तिच्या हातांकडे पाहत होता. श्वास सोडून, चाप कांद्याच्या सालीसारखा अलगद ओढायची. बाप परत आला होता. आणि पाचही वेळा घोंघाट आला, या वेळी कानाच्या आतून नाही, बाहेरून, रानातून.

तिने दुर्बिणीला डोळा लावला आणि चेहरा पडला. "दोनच लागल्या कागदावर. त्याही कडेला. बघितलंत? आलंय माझ्यात."

"चल," प्रिमुस म्हणाला.

कागदाजवळ पोचेपर्यंत त्याला दम लागला. त्याने हातमोजा काढून एका भोकावर बोट ठेवलं. "नीट बघ. गोल आहे का?"

"लांबट आहे. आडवं."

"हात चुकला तर गोळी दुसरीकडे जाते, बुर्गी. हात कितीही थरथरला तरी गोळी आडवी पडत नाही. आडवी पडते ती पीळ कमी पडला म्हणून. भोवऱ्याला दोरी कमी गुंडाळली की तो लडखडतो ना, तशी. उन्हाळ्यात वर चालली, थंडीत खाली नाही चालली. तुझ्या बापाचा हात तेव्हा दगडासारखा होता. नळी माझी होती." आणि थांबला तर पुन्हा बावीस वर्षं जातील या भीतीने तो पुढे बोलतच राहिला. त्सिपीने काय विचारलं, आपण काय म्हटलं, सगळं. खिशातून मेणकापड काढून जुना कागद दिला. कोपऱ्यात तारीख होती.

बुर्गीने तारीख वाचली. बोटांवर मोजलं.

"म्हणजे बाबा असताना."

"हो."

"चार वर्षं."

"चार वर्षं आणि दोन महिने."

"अर्धा पेला घ्यायचे ते, काका." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं प्रिमुसला वाटलं. तिने दोन्ही कागद घडी करून कोटात घातले, रायफल तिथेच बर्फावर सोडली आणि गाडीकडे चालू लागली. प्रिमुसने रायफल उचलून पुसली.

तीन आठवडे ती आली नाही.

फेब्रुवारीत, उपासाचा काळ सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी दुपारी, ब्लाझीच्या खाणावळीत शिकाऱ्यांची कचेरी भरली. वर्षभरातल्या चुकांचा गमतीचा न्याय. ब्लाझी देवदाराचा मुकुट घालून न्यायाधीश. कुणी सशाऐवजी खुंटाला गोळी घातली, कुणी काडतुसं घरी विसरून डोंगर चढला. शिक्षा म्हणून कुणी गाणं म्हणायचं, कुणी लाकडी गाढवावर बसायचं. बुर्गी मागच्या बाकावर, कोट न काढता बसली होती. तिचं नाव पुकारायच्या आधीच प्रिमुस उठला.

"आरोपी मी आहे," तो म्हणाला.

"काय केलंस, म्हाताऱ्या? मुहूर्त चुकला?" ब्लाझीने मुकुट सारखा केला. हशा झाला.

प्रिमुसने हशा ओसरू दिला. मग सांगितलं. खालच्या मानेने सुरू केलं, पण "नळी की हात" इथे आला तेव्हा त्याने मान वर केली आणि त्सिपीचा प्रश्न त्सिपीच्या आवाजात विचारला, आणि स्वतःचं उत्तर स्वतःच्या. चाळीस माणसं ऐकत होती. कुणीतरी "पुरावा?" असं सवयीने म्हणालं आणि लगेच शरमलं. बुर्गी उठली. तिने दोन्ही कागद ब्लाझीपुढे ठेवले.

ब्लाझीने भोकं पाहिली. मुकुट काढून मांडीवर ठेवला. "मीच सुरू केलं होतं ते," तो हळूच म्हणाला. "ओग्रिसचा बार. पहिल्यांदा मीच. त्सिपी तिथे कोपऱ्यात होता. हसला होता तोही." मग बुर्गीकडे पाहून म्हणाला, "शिक्षा तू सांग, पोरी. माझ्याने नाही व्हायची."

बुर्गीने कागदांची पुन्हा घडी घातली.

"शिक्षा नको," ती म्हणाली. "बावीस वर्षं तुम्ही एक नाव घेतलंत. ते चुकीचं होतं. आता बरोबर घ्या. नेम चुकला तर ज्याचा त्याचा. पण नळीचा दोष झाकून हातावर ढकललात, तर म्हणा, वोशांकने केलं तसं."

"कबूल," प्रिमुस म्हणाला.

लगेच कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मिठ्या मारल्या नाहीत. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग दुसऱ्याने. ब्लाझीने बुर्गीचं नाव नव्या शिकाऱ्यांत लिहून घेतलं आणि पुढचा आरोपी पुकारला, कारण काहीतरी पुकारायलाच हवं होतं.

चार दिवसांनी ती कर्मशाळेत आली. बसली नाही.

"नवी नळी मोजून दाखवा, वोशांक."

'काका' हा शब्द गेला होता. प्रिमुसने तेही कबूल केलं. त्याने सळई काढली, पण तिने ती त्याच्या हातून घेतली, स्वतः चिंधी गुंडाळली, स्वतः ढकलली. दोनशे. दुसऱ्यांदा मोजलं. दोनशे.

"आज उणे चौदा आहे," ती म्हणाली. "आज बघू. ऑगस्टमध्ये वरही बघू. आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा. तिन्ही वेळा तुम्ही यायचं."

"येईन."

घळीत तिने तांब्याच्या लांब गोळ्यांचे तीन बार काढले. तिन्ही शीळ घालत गेल्या. तीन गोल भोकं, एकमेकींना खेटून. तिने रायफल उघडली, रिकामं काडतूस खिशात टाकलं, आणि वडिलांसारखे बूट आपटून बर्फ झाडला.

प्रिमुस मात्र दुर्बिणीपाशी वाकून होता तसाच. बराच वेळ.

"झाल्या तिन्ही," बुर्गी म्हणाली. "आता काय बघताय?"

"काही नाही," तो म्हणाला, पण डोळा हलवला नाही. कानातला घोंघाट अजून आहे का, ते तो ऐकत होता.

तिला ते कळलं असावं. ती गेली नाही. खिशातले हात बाहेर काढून ती त्याच्या शेजारी उभी राहिली, त्याचं ऐकून होईपर्यंत.